मांगून येजो

गेल्या हिवाळ्यात गावच्या शाळेनं मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. ऐंशी ओलांडलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या माणसाला बोलावण्याचं कारण इतकंच की उमेदीच्या वर्षांत त्या शाळेत मी मराठी शिकवली होती. मुलांनी एक छोटं नाटक बसवलं होतं. पुठ्ठ्याच्या बंदुका होत्या आणि बर्फाच्या जागी कापूस. आमच्याकडे कापसाला काय तोटा! सातवीतली एक मुलगी कोळशानं मिशा काढून लेफ्टनंट केशव राऊत झाली होती. तिनं हात उंचावला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "थांब, वीरा! प्राण गेला तरी ही जागा सोडू नकोस!" समोरच्या शिपायानं टाच आपटली, "जशी आज्ञा!" त्या शिपायाला नाटकात नावच नव्हतं. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापक माझ्या कानाशी लागून म्हणाले, "सर, हे वाक्य गावात पोरापोराला पाठ आहे."

मला ते ठाऊक होतं, कारण ते वाक्य माझं आहे. केशव राऊत तसं कधीच म्हणाला नव्हता. तो जे म्हणाला होता ते अवघे दोन शब्द होते. ते त्यानं मला सांगितले होते, आणि बदलू नका असं बजावलंही होतं. ते दोन शब्द जाणणारा आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं गाव रोहण्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. केशव गावातल्याच एका खाऊनपिऊन सुखी कुणबी घरातला. नागपूरला कॉलेजात शिकला आणि मोठं युद्ध संपता संपता फौजेत अधिकारी झाला. मी गावात मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा तो काश्मिरात लढत होता. मी त्याला पाहिलं ते लढाई संपल्यावर, वीरचक्र जाहीर होऊन तो लांब रजेवर आला तेव्हा. पन्नासचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आमची ओळख त्या एका हिवाळ्यापुरतीच.

पहिली भेट वर्गातली. कुणीतरी "मले" म्हणालं म्हणून मी त्याला बाकावर उभं केलं होतं. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "मास्तर, थो बरोबरच बोलला ना! उभं काऊन केलं त्याले?"

खिडकीत एक ठेंगणा, काळासावळा माणूस उभा होता. मोठे कान, अंगात कोपरावर उसवलेला लोकरी स्वेटर, खाली पायजमा. मला वाटलं कुणाचा तरी सालदार गडी असेल. मी म्हटलं, "'मले' ही चूक आहे. 'मला' म्हणायचं."

"बाप्पा!" तो म्हणाला, "मंग माही माय जलमभर चुकूनच जेवाले वाढून राह्यली मले!"

वर्ग खो खो हसला. मी चिडून विचारलं, "आपण कोण?"

"याच शाळेतून एकदा नापास झालेला मानूस." एवढं बोलून तो गेला. जाताना उजवा पाय किंचित ओढत होता. मधल्या सुट्टीत कळलं, ते आमचे वीरचक्रवाले लेफ्टनंट.

संध्याकाळी तो आपण होऊन माझ्या खोलीवर आला. "राग नोका धरू, मास्तर," म्हणाला. मग रोज येऊ लागला. इंग्रजी त्याला उत्तम येई, फौजेची हिंदी तर तोंडात बसलेली. पण शुद्ध मराठी म्हणून जे मी शिकवी ते त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. मी त्यावरून त्याला टोची. एकदा तो म्हणाला, "येते ना मले. पन शुद्ध बोललं का खोटं बोलल्यावानी वाटते."

हे मला लागलं. मी स्वतः सेलूच्या शिंप्याचा मुलगा. शिक्षकाचं शिक्षण घ्यायला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात निरोप घेताना मी आमच्या अध्यापकांना "घरी येजा" म्हणालो होतो. सगळा वर्ग हसला. पुढची दोन वर्षं त्या संस्थेत माझं नाव 'येजा' होतं. जेवणाच्या पंगतीत, अंघोळीच्या रांगेत, "ए येजा, सरक." मी बोली अंगावरून घासघासून धुऊन काढली आणि नंतर आयुष्यभर इतरांची धूत बसलो. हे केशवला मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित त्यानं ते काम माझ्यावर सोपवलं नसतं.

ज्यांना आमची बोली ठाऊक नाही त्यांच्यासाठी इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडे 'ये' म्हणजे आत्ता, या क्षणी ये. 'येजो' म्हणजे ये, पण सवडीनं ये, हातातलं आटोपून नंतर ये. मोठ्या माणसाला 'येजा'. आणि त्यात आणखी एक पदर आहे. 'जो' लावला की आज्ञेचं टोक बोथट होतं. आपल्या माणसाला कुणी नुसतं 'ये' म्हणत नाही. 'ये' गड्याला, 'येजो' लेकराला. 'मांगून' हाही असाच दुतोंडी शब्द. पाठीमागून, आणि मागाहून, दोन्ही.

केशवची एक सवय गावात चेष्टेचा विषय झाली होती. तो कुणाच्याही पुढे चालत नसे. शेताच्या बांधावरून चार जण निघाले की हा बाजूला उभा राही. "तुमी व्हा पुढं." सगळे गेले की शेवटी हा. बायका कापूस वेचून डोक्यावर गाठोडी घेऊन येत असल्या तरी त्यांच्या मागून. "लेफ्टनंट का गुराखी?" असं कुणी म्हणालं तर तो हसे, "गुराखीच बरा. ढोरं मोजून घरी आनते." आणि कधी नाइलाजानं पुढे चालावंच लागलं तर दर वळणाला थांबून मागे बघे. मागचा माणूस दिसेपर्यंत पाऊल उचलत नसे. वारा पुलगावच्या दिशेचा असला की तिथल्या दारूगोळ्याच्या डेपोतला जुना माल उडवल्याचा आवाज क्वचित आमच्यापर्यंत येई. तेव्हाही तो दचकत नसे. फक्त मागे वळून बघे.

वीरचक्र त्याच्या आईनं देव्हाऱ्यात ठेवलं होतं. ती रोज त्याला हळदकुंकू वाही. फीत पार लाल-पिवळी होऊन गेली होती. मी म्हटलं, "अरे, खराब होईल ते." तो म्हणाला, "होऊ दे ना. अजून थोडा शेंदूर लागला तं हनुमान होईन थो. मंग तरी मायच्या कामाचा."

पण त्याला गावात बोलणी बसली ती वेगळ्याच गोष्टीवरून. तो रोज सकाळी महारवाड्यात जाऊन लहानूच्या अंगणात बसे.

लहानू गावचा कोतवाल. दवंडी पिटणं, सरकारी निरोप पोचवणं हे त्याचं वंशपरंपरेचं काम. उंच, वाळलेला, कमी बोलणारा म्हातारा. त्याची आधीची लेकरं पाळण्यातच गेली. मग झालेल्या मुलाला त्यानं रिवाजाप्रमाणे उकिरड्यावर ठेवून उचलून घेतलं आणि नाव ठेवलं उकंडा. असलं नाव असलं की मरण ढुंकून बघत नाही, अशी समजूत. उकंडा मोठा झाला, पलटणीत भरती झाला, मशीनगनवर हुशार निघाला. आणि योग असा की काश्मिरात ज्या तुकडीवर केशव अधिकारी म्हणून आला त्याच तुकडीत तो होता. केशवला वीरचक्र ज्या लढाईत मिळालं, त्याच लढाईत उकंडा गेला. पलटणीचं पत्र आलं, त्यात तो शौर्यानं लढताना कामी आला एवढंच होतं. बाकी काही नव्हतं.

केशव तिथं जाई, लहानूच्या हातचं पाणी पिई, त्याला 'बाबा' म्हणे. आई कुरकुरे, "पानी पिऊन आला, आता आंघोय तं कर!" तो म्हणे, "वर एकाच मगातून पेलो आमी. तवाच बाटलो. आता कितीक वेळा आंघोय करू?" बसे, पण तिथं बोलत काहीच नसे. लहानू घराच्या भिंतीला टेकून बसे, हा समोर उकिडवा. जाताना म्हणे, "येतो बाबा." लहानू म्हणे, "हो जी, येजा."

एकदा मी त्याला विचारलं, "तिथे जाऊन करतोस काय?"

"सांगाले जातो," तो म्हणाला, "अन् न सांगता परत येतो."

काय सांगायचं होतं ते त्यानं मला कापूसवेचणीच्या दिवसांत, त्यांच्या शेतातल्या बाभळीखाली बसून सांगितलं. भर दुपार होती. बायका वेचत वेचत पलीकडच्या टोकाला गेल्या होत्या. तो मातीत काडीनं रेघा ओढत बोलला.

त्यांच्या तुकडीनं डोंगराची एक धार जिंकून धरली होती. मागच्या धारेवर परत या असा वरून हुकूम आला. समोरून शत्रू चढत होता. उकंडाची मशीनगन त्यांना अडवून होती, तेवढ्या आडोशानं बाकीच्यांनी नाला ओलांडायचा. माणसं निघाली. सगळ्यांत शेवटी केशव गनजवळ गेला, उकंडाच्या खांद्यावर हात ठेवला.

"साऱ्याइले मी हुकूम हिंदीत देत होतो, मास्तर. कायदाच आहे तसा. त्यालेच तेवढं आपल्या बोलीत बोललो. गावचा पोरगा. थंडीनं ओठ फुटले होते त्याचे. माया आली मले. मी म्हनलं, मी निंगतो, मांगून येजो."

त्यानं मातीत आणखी एक रेघ ओढली.

"माह्या मनात होतं, माह्या पाठोपाठ ये. गन उचल अन् माह्या मांगंच ये. तसंच ठरलं होतं. थो 'हो जी' म्हनला. मी निंगालो. नाला ओलांडून वर चढलो, वळून पाह्यलं, तं गन चालूच. मले वाटलं, आता उठंन, मंग उठंन. थो आपला गोया झाडून राह्यला. मंग समजलं मले. त्यानं 'येजो' ऐकलं. सगळे पार झाले, काम आटोपलं, का मंग ये. त्याचं काय चुकलं? त्याच्या मायनं त्याले जलमभर तसंच सांगतलं असंन. मी जातो वावरात, तू मांगून येजो."

मग तो एकटा परत फिरला होता. पायात गोळी घेऊन वर पोचला. वीरचक्र मिळालं ते यासाठी. वर गेला तेव्हा उकंडा जिवंत होता, पण फार वेळ राहणार नव्हता.

"मले पाहून थो म्हनते, 'तुमी काऊन आले जी? मी येतच होतो ना मांगून.'" केशवनं काडी मोडली. "'ये' म्हनलं असतं तं आला असता. मी येजो म्हनलो."

मोडलेली काडी टाकून तो म्हणाला, "बाबाले हे समजलं पायजे. का त्याच्या लेकराले कोनी टाकून नाई देल्लं. बलावलं होतं त्याले. मायेनंच बलावलं होतं. पन त्याच्यासमोर बसलो का माही जीभ उचलत नाई. मास्तर, तुमी बोलता चांगलं. गाव माहा सत्कार करून राह्यलं ना, त्या दिवशी तुमीच सांगा. साऱ्या गावासमोर. मी बाजूले बसतो बाबाच्या. फकस्त थो शब्द तोच ठेवजा. बदलवू नोका."

मी हो म्हणालो.

सत्काराची दवंडी अर्थातच लहानूनं पिटली. त्या दिवशी गावानं अजब दृश्य पाहिलं. पुढे डफडं वाजवत लहानू, "ऐका हो ऐका, केशोबाबू लेफ्टनचा सत्कार हाये!" आणि त्याच्या मागे पाय ओढत खुद्द केशव. पारावरून कुणीतरी ओरडलं, "काय केशो, सोताच्याच बारशाची दवंडी?" केशव म्हणाला, "नाव नीट ठेवते का नाई, पाहाले चाललो." लहानूसुद्धा हसला. त्याला हसताना मी तेवढंच पाहिलं.

केशवनं अट घातली होती की लहानूला व्यासपीठावर खुर्ची हवी. गावच्या मोठ्यांनी ती मान्य केली नाही. मधला मार्ग माझ्यामार्फत निघाला: लहानूनं अगदी पुढे, पण खाली, ताडपत्रीवर बसायचं. नागपूरहून एक बडे अधिकारी पाहुणे आले होते. केशव वर आला, त्यानं लहानूला खाली बसलेलं पाहिलं, आणि पायऱ्या उतरून त्याच्या शेजारी जाऊन मांडी घालून बसला. हार खाली न्यावा लागला. लोकांना वाटलं, काय ही नम्रता. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी उठलो. ते दोघे माझ्या अगदी समोर, खांद्याला खांदा लावून बसलेले. भाषण मी पाठ केलं होतं, त्यात 'मांगून येजो' होतं. मी धार उभी केली, बर्फ उभा केला, चढणारा शत्रू उभा केला. पाहुणे पुढे झुकून ऐकत होते. आता तो शब्द यायचा होता. आणि मला ते सगळे आवाज ऐकू आले, ए येजा, सरक. एवढ्या मोठ्या माणसासमोर, एवढ्या उंचीवर नेलेल्या प्रसंगात, वीराच्या तोंडी असला गावंढळ शब्द घालायचा? मला तो उच्चारवेना. क्षणभर मी अडखळलो, आणि मग माझ्या तोंडून निघालं: "थांब, वीरा! प्राण गेला तरी ही जागा सोडू नकोस!"

टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी मान डोलावली. मी खाली पाहिलं. लहानू माझ्याकडे बघत नव्हता. तो केशवकडे बघत होता. मग तो ताडपत्रीवर थोडा सरकला. वीतभर. दोघांच्या खांद्यांमध्ये फट पडली.

केशव उठून उभा राहिला, म्हणाला, "मास्तर, थो शब्द..." पण तोवर बँड सुरू झाला होता.

त्या संध्याकाळी तो लहानूकडे गेला. यावेळी त्याची जीभ उचलली. त्यानं सगळं सांगितलं. लहानूनं ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं, ते केशवनं मला जसंच्या तसं सांगितलं: "मास्तर शिकलेला मानूस हाये. थो काऊन खोटं बोलंन? तुमी थांब म्हनलं, माहा पोरगा थांबला. हुकूम मोडनारा नोयता थो. त्याचं मले काई नाई. पन हुकूम देनाऱ्यानं आता माह्या अंगनात बसू नोये."

केशव हे सांगायला आला तेव्हा चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. तो दारातच उभा राहून म्हणाला, "शब्द कामून बदलवला, ते मी इचारत नाई. तुमी माह्यासंगं चला. बाबाले सांगा, का तुमीच बदलवला. तुमचं थो ऐकंन. उद्या मी जातो, रजा संपली."

माझी पाहुण्यांना पोचवायला निघण्याची तयारी चालली होती. त्यांनी भाषणाचं कौतुक केलं होतं, माझी चांगल्या शाळेवर बदली व्हावी म्हणून शब्द टाकतो म्हणाले होते. तेच वाक्य खोटं होतं असं आता महारवाड्यात जाऊन सांगायचं, म्हणजे तासाभरात गावभर. मी धोतराचा काठ नीट करत म्हणालो, "तू हो पुढे. मी मागून येतो."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग "बरं" म्हणाला आणि गेला. रस्त्याच्या वळणावर थांबून त्यानं मागे पाहिलं. मी दारात होतो. हात केला.

मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, अंगणात बसायला मनाई होती म्हणून तो कुंपणाबाहेर, बोरीखाली, दिवेलागण होऊन अंधार पडेपर्यंत बसून होता. रस्त्याकडे तोंड करून.

त्यानंतर तो गावात आला नाही. त्याची आईच त्याच्याकडे जाऊन येऊन असे, मग ती वारली. माझी ती बदली झाली नाही. पाहुणे विसरले असतील. काही वर्षांनी आमच्याकडचे बरेच लोक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. लहानूही आला. त्यानं कोतवालकी सोडली, डफडं सोडलं, गावकीचं कुठलंही काम करणार नाही म्हणाला. पांढरं धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, ताठ चाल. ज्या हिवाळ्यात केशव गेल्याची बातमी आली, कुठल्याशा डोंगरी रस्त्यावर त्याची गाडी दरीत कोसळली होती, त्याच आठवड्यात लहानू शाळेत आला. पूर्वी तो फाटकाशी उभा राही. आता सरळ माझ्या वर्गाच्या दारात आला.

"मास्तर, एक इचारू?"

"विचारा."

"थो पोरगा म्हनत होता, त्यानं उकंडाले 'येजो' म्हनलं. थांब नाई म्हनलं. मी नाई मानलं तवा. आता थोही गेला. थो गेल्यापासून मले झोप नाई. माह्या पोराले कोनी बलावलं होतं का नाई, एवढंच सांगा. खरं काय होतं?"

वर्गातली मुलं आमच्याकडे पाहत होती. फळ्यावर मी नुकतीच 'मला, तुला, त्याला' अशी विभक्ती लिहिली होती.

मी म्हणालो, "फार दिवस झाले, बाबा. मला नीट आठवत नाही."

लहानूनं मान हलवली. "तुमाले आठवत नाई तं मंग झालं," म्हणाला आणि वळला. ते त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. तो असेपर्यंत मी त्याच्या वाटेनं गेलो नाही. पुढे पुलगावला बदली मागून घेतली ती त्यासाठीच. गावानं माझं वाक्य सांभाळलं. ते भाषणांत आलं, शाळेच्या भिंतीवर आलं, आणि आता कोळशाच्या मिशा लावलेल्या त्या मुलीच्या तोंडी आलं. नाटक संपल्यावर मी तिला जवळ बोलावून सांगितलं, "बेटा, ते 'थांब' नव्हतं. 'मांगून येजो' होतं." ती गोंधळून हसली. "पण सर, हे तर अशुद्ध आहे ना?"

तिचं काय चुकलं? माझ्याच विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांनी तिला शिकवलेलं.

केशव मला दिसतो तो काश्मिरातल्या धारेवर नाही. ते मी पाहिलेलं नाही. तो दिसतो तो गाव सोडला त्या सकाळी, रोहण्याच्या स्टेशनवर. आदल्या संध्याकाळी मी गेलो नव्हतो, तरी सकाळी निरोपाला गेलो. न जाणं जास्त दिसलं असतं. पुलगावकडे जाणारी ती छोटी गाडी. इतकी सावकाश चाले की लोक म्हणत, उतरून बोरं वेचावी आणि पुन्हा चढावं. तो शेवटच्या डब्यात चढला. अंगात फौजी कोट, हातात आईनं बांधून दिलेली शिदोरी. आदल्या संध्याकाळबद्दल तो काही बोलला नाही. मीच म्हणालो, "काल जमलं नाही रे." तो म्हणाला, "असू द्या. लहानूबाबाकडं जाजा, मास्तर."

जाजा. जेव्हा होईल तेव्हा. माझ्यासाठीसुद्धा त्यानं आज्ञेचं टोक बोथट केलं होतं. त्याच 'जा'च्या आड मी साठ वर्षं बसून काढली.

"जाईन," मी म्हणालो. गाडी हलली. मी फलाटावरून तिच्या बरोबरीनं चालू लागलो. चालता येण्याजोगाच तिचा वेग होता. सांगता आलं असतं, उतर, चल, आत्ता जाऊ. फलाट संपला तिथे मी उभा राहिलो. रूळ पुढे बाभळींतून वळत होते. तो दाराच्या दांडीला धरून बाहेर झुकला होता आणि वळण येईपर्यंत मागे बघत होता, बांधावर बघायचा तसाच. मागचा माणूस येऊन राह्यला का नाई.